मागचं पान

जयसिंगने खोक्यातला पहिला कॅटलॉग उचलला आणि मुखपृष्ठावरच्या गाडीकडे न बघता थेट मागचं पान उलटलं.

मिनल त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पान स्वच्छ होतं. त्याने तो बाजूला ठेवून दुसरा घेतला, मग तिसरा. प्रत्येक वेळी मागचंच पान. त्याच्या कपाळावर आठी आली तशी तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

आकुर्डीच्या त्या फ्लॅटमध्ये आता एवढी सहा खोकीच उरली होती. उद्या भाडेकरूला किल्ली द्यायची होती आणि बारा वाजता रद्दीवाला येणार होता. त्याला तिच्या धाकट्या भावाने, ज्ञानेशने, सांगितलं होतं. तळवड्याच्या जयसिंगला तिने. जुन्या गाड्या बाळगणारा माणूस, त्याला कळेल. पिंपरीच्या शोरूममध्ये बत्तीस वर्षं दुसऱ्यांना गाड्या विकताना तिच्या वडिलांनी, दादांनी, जपलेलं हे सगळं नुसतं रद्दी नाही, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. दादांना जाऊन महिना झाला होता.

"त्यात एखादी खरी गाडी निघाली तर सांगा, भाऊ," ज्ञानेश दारातून म्हणाला. "आमच्या वडिलांनी जन्मभर कागदाच्याच जमवल्या. स्वतः स्कूटरवर."

जयसिंग हसला नाही. "तुमचे वडील, लक्ष्मणराव, लिहायचे," तो म्हणाला. "एक कॅटलॉग गिऱ्हाइकाला द्यायचे, एक ठेवून घ्यायचे. गिऱ्हाईक गेलं की त्याच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहायचे. नाव, गाव, काय बोललं ते. ते लिहिलेले कुठं हायत?"

"हेच," मिनल म्हणाली.

"ह्यावर तर काय न्हाई."

"मी खोडलं."

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं.

"इंटरनेटवर वाचलं होतं," ती म्हणाली. "कोऱ्या प्रतीला किंमत येते. लिहिलेली असली की उतरते."

तीन दुपारी ती याच फरशीवर बसून खोडत होती. वाचायला लागले तर हातून होणार नाही, म्हणून न वाचता. दादा फार दाबून लिहायचे. जोर लावावा लागला होता.

जयसिंगने हातातला कॅटलॉग हळूच खाली ठेवला. "कोरे मुंबईला गठ्ठ्यानं मिळत्यात, ताई."

तो उठेल असं तिला वाटलं. तो उठला नाही.

"आमच्या आण्णांनी, साहेबरावांनी, एक्याऐंशी साली लक्ष्मणरावांकडनंच फियाट घेतली. मी बरोबर होतो. मला गाडीत बसवलं होतं, मी आपला स्टेअरिंग फिरवतोय, आणि आण्णा काचेपलीकडं बोलतायत. गाडी हाय अजून माझ्याकडं. पर आण्णांचा शब्द घरात एक न्हाई. अंगठा उठवणारा माणूस, लिहून काय ठेवणार? म्हटलं, लक्ष्मणरावांच्या हातचं असंल."

मिनलचे कान तापले. काहीतरी करायचं म्हणून तिने वरचा कॅटलॉग उचलला. मागचं पान खरखरीत होतं. बोट फिरवताना ते मध्येच एका खाचेत अडलं.

ऑर्डरबुकात एकाखाली एक तीन कार्बन. सगळ्यात खालच्या प्रतीवर उठलं पाहिजे म्हणून दादा दाबून लिहीत. तो हात मग कुठेच हलका पडला नाही. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची सही मागून वाचता यायची.

ती आतल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये गेली. "ज्ञानेश, मोबाईलची बॅटरी लाव. वरून नको. कडेने धर."

त्याने धरली. पानावर बारीक सावल्या उभ्या राहिल्या.

फियाटचे एक्याऐंशीचे अकरा कॅटलॉग होते. पहिल्यावर निगडीचे एक डॉक्टर निघाले. दुसऱ्यावर पिंपरी कॅम्पातला कापडवाला, 'मेव्हण्याला घेऊन येतो' म्हणालेला. तिसऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिथे खोडून खोडून कागदाला लव सुटली होती. मिनलने तो लवकर बाजूला केला. चौथ्यावर नुसतं 'पुणे'. पाचव्यावर तेवढंही नाही. जयसिंग भिंतीला टेकून उभा होता.

सहाव्यावर तिला आधी 'तळवडे' दिसलं.

"साहेबराव," तिने वाचलं. "तळवडे. मुलगा बरोबर. गाडी पसंत." पुढची ओळ अर्धी गेली होती. तिने पान थोडं फिरवलं. "पांढरा रंग नको, चिखल दिसतो. मंडळींना विचारून सांगतो म्हणाले." ती थांबली. "दोनदा म्हणाले."

"कोण? आण्णा?" जयसिंग भिंतीपासून सुटला. "आमच्या आईला इचारून?"

"असं लिहिलंय."

"आईला त्यांनी कधी पाणी दे का म्हणून इचारलं न्हाई. ग्लास आपटायचे." त्याने पान स्वतः वाचायला घेतलं, पण ते उजेडापासून वळलं आणि अक्षरं गेली. त्याने ते परत तिच्याकडे दिलं. "पुन्हा वाचा."

तिने वाचलं.

"आणि गाडी कुठल्या रंगाची आली?" ज्ञानेशने विचारलं.

"पांढरी," जयसिंग म्हणाला.

मग ज्ञानेश म्हणाला, "पुढचा घे, ताई."

तिने सातवा घेतला. पहिलं अक्षर कळतं आहे तोच ज्ञानेशच्या हातातला फोन थरथरायला लागला. बारा वाजले होते; रद्दीवाला खाली आला असणार. उजेडाबरोबर दादांची अक्षरं पानावर कापू लागली.

फोन उचलू नकोस म्हणायला मिनलने वर पाहिलं. ज्ञानेशने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट घट्ट धरलं होतं, उजेड हलू नये म्हणून.