दोन मिलिमीटर

नकाशावरची पेन्सिलीची रेष रोज सकाळी दोन मिलिमीटर सरकलेली असायची. नगररचना कार्यालयातली ती आरेखक पट्टी लावून मोजायची, खोडायची आणि पुन्हा जागेवर काढायची.

रेषेच्या पूर्वेला पाडायची वस्ती, पश्चिमेला राखायची. वडिलांचं घर नेमकं कडेला होतं. ते कुठल्या बाजूला घ्यायचं, हे ती तीन महिने टाळत होती. वडील घर सोडायला तयार नव्हते, आणि 'माझ्याकडे या' असं तिनेही कधी म्हटलं नव्हतं.

"ताई, नकाशा आहे, लग्नाची पत्रिका नाही," साहेब टेबलाशी येऊन म्हणाले. "आज काय ते सांगून टाका."

आज रेष घराच्या मधोमध होती. स्वयंपाकघर एका बाजूला, खोली दुसऱ्या.

तिचा मोबाइल वाजला. वडील होते.

"पोरी, मी स्वयंपाकघरात आहे. खोलीत कोणीतरी खोकतंय. अगदी माझ्यासारखं."

"बाबा, मधलं दार लावून घ्या."

"लावलंय गं. आता तो कुणाला तरी फोन लावतोय."

टेबलावरचा फोन वाजला. तिने दुसऱ्या हाताने उचलला.

"पोरी," वडील हळूच म्हणाले, "स्वयंपाकघरात कोणीतरी शिरलंय."

दोन्ही कानांत तोच खोकला आला. फोन तसेच धरून तिने साहेबांकडे पाहिलं.

"अख्खं घर पाडायच्या बाजूला घ्या," ती म्हणाली, आणि मग दोन्ही फोनांत एकदमच, "बाबा, माझ्याकडे या."