कंस कोण हलवतं?

प्रोग्राममधला महिरपी कंस ओळीच्या शेवटी उघडायचा, की खालच्या ओळीवर? टीममधल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. खाली म्हणजे खालीच! त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोड लिहायच्या एडिटरला तसं सेटिंगच करून टाकलं. फाइल सेव्ह केली की सगळे कंस आपोआप खाली. तरी रोज सकाळी येऊन बघावं, तर मेले पुन्हा वर! तीन आठवडे त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. संशय शेजारच्या खुर्चीतल्या नव्या मुलीवर. शेवटी त्यांनी तिला साहेबांसमोर उभं केलं.

"एक तर ही राहील, नाहीतर मी!"

साहेबांनी फाइलमधल्या बदलांची यादी उघडली. सकाळी ऑफिसातून कंस खाली. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवरून कंस वर. दोन्हीकडे नाव त्या जुन्या प्रोग्रामरचंच. घरच्या एडिटरचं कंस आपोआप वर नेणारं सेटिंग बदलायचं राहूनच गेलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी पडेल आवाजात त्या मुलीला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, सर. पण तुमच्या दोघांच्या भांडणात मी कशाला पडू?"