तीन पावलांवरची टोपी

चार रात्री तंबूत काढत मी गाडी यलोस्टोनपर्यंत आणली आणि पहिल्याच उकळत्या झऱ्यापाशी वाऱ्यानं ऑर्व्हिलची टोपी उडवली. ती फळ्यांच्या वाटेपासून तीन पावलांवर, पांढऱ्या पातळ पापुद्र्यावर पडली. त्याखाली पाणी रटरटत होतं. ऑर्व्हिलनं सरळ एक पाय फळीबाहेर काढला. इथंच तीस वर्षं रेंजर म्हणून लोकांना दटावणारा माझा नवरा हल्ली मलाही ओळखत नाही. मी नावानं हाक मारली, पण तो वळला नाही. शेवटी त्याचंच जुनं वाक्य त्याच्याच थाटात ओरडले, “ओ साहेब, पाय मागे! टोपी दुकानात मिळते, पाय नाही!” तो थबकला, पाय आत घेऊन ताठ झाला आणि मला म्हणाला, “रडू नका बाई, लांब चिमट्यानं काढून देऊ. टोपी कुणाची?” “माझ्या नवऱ्याची.” “मग आधी त्यांचा हात धरा.” मी धरला.