चिकटपट्टीखालचं नाव

"नुसता चिखल केलाय!" सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता वृंदा सरांना म्हणाली. उंदराच्या मेंदूत दृष्टीच्या कॉर्टेक्सपासून, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापासून, खाली थॅलॅमसकडे, डोळ्याचे संदेश वर पाठवणाऱ्या केंद्राकडे, जाणारे धागे हिरव्या रंगात उमटवायचे होते. हे फराटे प्रयोगशाळेतल्या नव्या ओवीचेच.

तपासताना पक्षपात नको, म्हणून काचपट्टीवरचं नाव चिकटपट्टीने झाकलेलं असे. पण कालपरवा आलेल्या त्या पोरीचं सर येताजाता कौतुक करत आणि वृंदाच्या अंगाचा तिळपापड होई. तिला नाव वाचायची गरजच नव्हती.

सरांनी चिकटपट्टी सोलली. खाली वृंदाचंच नाव होतं, तिच्याच अक्षरात.

"थॅलॅमसला डोळा अगदी थोडं सांगतो," ते म्हणाले. "काय दिसायला हवं, ते वरून कॉर्टेक्सच सांगत बसतो."

"बघू," म्हणत वृंदाने पुन्हा डोळा लावला. आता धागे कसे लख्ख, सुटे सुटे दिसत होते.