भिंतभर

लॅपटॉपची वायर अखेर प्रोजेक्टरला लागली आणि जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. त्याआधी मोबाइल जोडून झाला होता, टीव्हीचा डबा जोडून झाला होता. भिंतीवरचा निळा चौकोन ढिम्म हलत नव्हता.

रविवारची दुपार. पडदे ओढलेले. मामा-मामी, आत्या, पोरंटोरं जागा मिळेल तिथे बसलेली. पुढच्या खुर्चीत सासूबाई. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. गुडघ्यांमुळे धाकट्या लेकीच्या पदवी समारंभाला त्यांना जाता आलं नव्हतं, म्हणून तिचं तिथलं भाषण आज घरी बघायचं होतं. धाकटीने संस्थेच्या मागे लागून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात हातांच्या भाषेत सांगणारी बाई मुद्दाम घ्यायला लावली होती.

चित्र आलं. चौकोनी, दोन्ही बाजूंना काळे पट्टे.

"एवढी भिंत रंगवली ती ह्या पट्ट्यांसाठी?" मामा म्हणाले.

जावईबापूंनी आकाराचं बटण दाबलं. चित्र आडवं ताणलं गेलं.

"अगं बाई, ही एवढी कधी सुटली?" आत्याने विचारलं. पोरं खिदळली.

पुन्हा बटण. आता चित्र मोठं झालं आणि भिंत काठोकाठ भरली. वरून थोडं गेलं, खालून थोडं गेलं, पण तेवढं कोण बघतंय!

"हां, आता कसं!" मामा म्हणाले. दिवा मालवला, भाषण सुरू झालं.

कोपऱ्यातल्या बाईचं नुसतं डोकं उरलं होतं. ते मधूनमधून हलत होतं. हात चित्राबाहेर गेले होते.

सासूबाईंनी शेजारच्या थोरलीला हलवलं, बोटांनी काही सांगितलं. अंधारात दिसणार काय, कपाळ?

"थांब ना आई, ऐकू दे," थोरली म्हणाली. आपण हे कुणाला म्हणालो, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

भिंतीवर धाकटी काहीतरी बोलली, सगळे हसले. मग आणखी काही बोलली आणि मामींनी डोळे पुसले. सासूबाईंनी मामींकडे पाहिलं, त्या डोक्याकडे पाहिलं. लेक माझी, आणि रडतेय कोण! त्यांना रागच आला.

त्या उठल्या आणि प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो आई, सावली पडतेय!" जावईबापू ओरडले. सहा वर्षं ते सासूबाईंशी असेच ओरडून बोलत आले होते.

सासूबाईंनी हात वर केले. लेकीच्या चेहऱ्यावर दोन थोरले काळे हात उमटले. तळवे समोरासमोर आले, एकमेकांजवळ सरकले. मग एका बोटाने खालचा कोपरा दाखवला. त्यांचे हात सगळ्या घराने एकदम पाहिले, असं आजवर कधी झालं नव्हतं.

जावईबापूंनी भाषण थांबवलं, बटण दाबलं. काळे पट्टे परत आले. कोपऱ्यातल्या बाईचे हातही आले.

थोरली दिवा लावायला उठली, तर जावईबापूंनी तिला खूण करून थांबवलं. त्यांनी आपलेच दोन्ही हात झोतात घातले आणि तळवे अवघडून समोरासमोर धरले. एवढं?

भिंतीवर त्यांच्या हातांशेजारी सासूबाईंचे हात आले. एक बोट हवेत उलटं फिरलं.

जावईबापूंनी भाषण पहिल्यापासून लावलं.