तुटलेल्या सुराच्या पुढे

माझी मुलगी यागोदा तीन वर्षांची झाली तरी अजून एक शब्द बोलली नव्हती, म्हणून माझं लक्ष सतत तिच्या ओठांकडे असायचं. उन्हाळ्यातल्या त्या शनिवारी पोलंडमधल्या क्राकूफच्या चौकात फिरतानाही मी तेच बघत होते.

तिथे चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला बिगूल वाजतो आणि मध्येच तुटतो. तो तिथेच तुटावा, अशी जुनी रीत आहे. मग वाजवणारा खिडकीतून हात हलवतो, खालची माणसंही हात हलवतात.

अकरा वाजता सूर तुटला आणि यागोदा त्याच्या पुढचं गुणगुणू लागली.

"मुकी मुकी म्हणून रडत होतीस ना?" माझा नवरा वितेक हसला. "घे, गवई निघाली तुझी लेक!"

"अरे, पण पुढचं कुणालाच येत नाही. हिला शिकवलं कुणी?"

"झालं तुझं सुरू! हा पाव खा आधी."

मला आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही. मी पाव चावत राहिले.

बारा वाजता बिगूल पुन्हा तुटला आणि मघाशी जिथे थांबली होती तिथूनच तिने पुढे सुरुवात केली. आता सूर उतरू लागला, संपत आल्यासारखा. लोकांचे उचललेले हात तसेच राहिले. वितेकचं हसू गेलं.

"थांबव तिला," तो हळूच म्हणाला.

मी तिच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, गळाही हलत नव्हता.

सूर चालूच होता.