वीस वाघिणींची उलटी चाल

त्या पत्राला कैलास राऊतांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

टाइप केलेलं एक पान. खाली ‘एक प्रेक्षक’ एवढंच. पाकिटावर एडवणचा शिक्का. पालघरच्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात राऊतांची छोटी मालगाडी वळणावर मागे ढकलताना तीनदा घसरली, लोक हसले, त्यानंतर आठवड्याने ते आलं होतं.

‘डबे एकमेकांना जोडणारा तुमचा कप्लर खालच्या चाकांच्या बोगीला जोडलेला आहे. गाडी मागे ढकलली की तो बोगी तिरकी करतो आणि चाकं उतरतात. कप्लर डब्याच्या तळाला जोडा. दोन्ही बोग्यांचे स्क्रू सारखे आवळू नका. एक बोगी नुसती फिरू दे, दुसरी जरा डुलूही दे. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही.’

राऊत निवृत्त ग्रंथपाल. जे इतक्या पुस्तकांत आपल्याला सापडलं नाही ते कुणीतरी चुलीवरून सांगावं, याची त्यांना लाज वाटली. पत्र त्यांनी कुणालाच दाखवलं नाही. शब्दकोशात ठेवून दिलं. पण बोईसरच्या घरी, पडवीत बसून, एकेक वाघीण, म्हणजे मालडबा, उलटी करून ते स्क्रू फिरवत राहिले.

“परत मांडला खेळ?” त्यांची बायको जमना म्हणायची. “कारखान्यात बी एवढे स्क्रू फिरवत नाय कोण.”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे. घसरली तेव्हा सगळ्यांना कळलंच हाय.”

“या वेळी घसरली तर सगळं भंगारात,” राऊत म्हणाले.

आज पुन्हा तोच हॉल. परीक्षक प्रदीप तांडेल, रेल्वेतून निवृत्त झालेले.

“वीस वाघिणी? आणि उलट्या, या वळणातून?”

“हो.”

“गेल्या खेपेला चार होत्या ना?”

“आणि त्या बी झोपल्या!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

जमना जेवणाचा डबा घेऊन शेजारीच उभी होती.

“मागच्या बोग्या सैल ठेवल्यात ना?” तिने हळूच विचारलं.

“सगळ्या,” राऊत म्हणाले आणि त्यांनी नॉब फिरवला.

इंजिनाने रेटा दिला. एकमेकांत बोटं अडकवावीत तसे कप्लर अडकलेले. सातवी वाघीण रुळाच्या सांध्यावर चढली, तिची मागची बोगी डुलली, बसली. आठवी गेली. विसावीही गेली.

टाळ्या पडल्या. तांडेलांनी एक वाघीण उचलून उलटी केली.

“वा! कुणाकडे शिकलात?”

“एका प्रेक्षकाने पत्र लिहून शिकवलं.” राऊतांचा आवाज चक्क शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“मग उत्तर तरी दिलंत का?”

“आज देतो.”

जमना डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत राहिली.

परतताना ते पोस्टात थांबले. पाकीट घेतलं. उभ्या उभ्या लिहिलं : ‘विसाच्या वीस गेल्या. तुमच्यामुळे. यापुढे खाली नाव लिहीत जा.’

“चला की आता,” जमना दारातून म्हणाली. “बहिणीने एडवणवरून धाडलेले बोंबील भिजत घातलेत मी.”

“आलोच.”

पाकिटावर जमनाचं पूर्ण नाव आणि खाली आपल्याच घराचा पत्ता लिहून राऊतांनी ते पेटीत टाकलं.